इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेत ए ग्रेड नाही म्हणून पुस्तकांची चित्रं काढता येत नाहीत? साफ चुकीचं!

साताऱ्याकडं अजून सर्रास ऐकू येतं की इंटरमिजिएटला ए ग्रेड नाही, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात ॲडमिशन नाही, मग मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायचं विसरा. असं काही नसतं हो. त्या परीक्षेचे दहावीला वाढीव मार्क मिळतात, चांगलंच आहे, शिक्षणही वाया जात नाही, पण प्रकाशक आधी पोर्टफोलिओ, म्हणजे तुमच्या निवडक चित्रांचा संच बघतो.

आणि त्यात सुटी सुटी सुंदर चित्रं असून भागत नाही. एकच मुलगी पळताना, रडताना, पाठमोरी, एसटी स्टँडवरच्या गर्दीत, कुठंही काढली तरी तीच वाटली पाहिजे, आणि हे खरंच अवघड असतं. शिवाय जे लिहिलंय तेच परत काढायचं नसतं, गोष्टीत नुसतं "आजी चिडली" असेल तर का चिडली ते चित्रातल्या सांडलेल्या दुधावरनं पोराला कळलं पाहिजे, तिथंच चित्रकाराचं डोकं दिसतं. चित्रपुस्तक बऱ्याचदा ३२ पानांचं, त्यात चित्र समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलं की चेहरा मधल्या बाइंडिंगमध्ये जाणार नाही हेही बघायचं.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तर संस्थान सांभाळून रामायणाची चित्रं स्वतः काढली. त्यांनी १९३८ साली उभारलेलं संग्रहालय आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे, पोरांना घेऊन जा.

काम घरी बसून करता येतं, ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून फाइल पाठवायची. फक्त पैसे एकरकमी की रॉयल्टी, म्हणजे पुस्तकाच्या विक्रीतला वाटा, ते आधी लेखी घ्या.