बालकांचे बचाव-पोहणे

चुकून पाण्यात पडलेल्या लहान मुलाला, कोणी धावून येईपर्यंत, नाकतोंड पाण्याबाहेर ठेवता यावे म्हणून दिले जाणारे शिक्षण. हात कसे मारायचे, किती लांब जायचे, हे यात दुय्यम. पालथे पडलेले अंग उलटवून उताणे व्हायचे आणि तसेच तरंगत श्वास घेत राहायचे, हा त्याचा गाभा. त्यामुळे उन्हाळी शिबिरातल्या पोहण्याच्या वर्गापेक्षा ते बरेच वेगळे दिसते.

‘बाळ जन्मतःच पोहते’ असे हौसेने सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मर्टल मॅकग्रॉ यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार, काही आठवड्यांचे बाळ पाण्यात पालथे धरले की श्वास रोखते आणि हातपाय तालात हलवते. पुढच्या काही महिन्यांत ही उपजत हालचाल जाते आणि तिच्या जागी नुसती धडपड येते. समजून केलेली हालचाल त्यानंतर, बऱ्याच उशिरा. शिवाय त्या पहिल्या टप्प्यातही श्वासासाठी डोके वर काढणे बाळाला जमत नाही. शरीराच्या मानाने डोके जड आणि मान अशक्त. उताणे झाल्यावर मात्र तेच डोके पाण्यावर टेकते आणि तोंड आपोआप आभाळाकडे होते. सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

तिला शिस्तबद्ध रूप दिले ते हार्वी बार्नेट यांनी. १९६६ साली फ्लोरिडात त्यांनी सुरू केलेले काम ‘इन्फंट स्विमिंग रिसोर्स’ या नावाने ओळखले जाते. सहा महिन्यांच्या बाळापासून सुरुवात, एका वेळी एकच मूल, आठवड्यातून पाच दिवस, रोज जेमतेम दहा मिनिटे आणि असे काही आठवडे. वर्षाच्या आतले मूल उलटून तरंगायला शिकते. चालू लागलेले मूल थोडे पोहते, दम लागला की उताणे होऊन विसावते, पुन्हा पोहते, असे करत काठ गाठते. शेवटी परीक्षा अंगभर कपड्यांत, कारण पाण्यात पडणारे मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. नेदरलँड्समध्येही मुलांच्या पोहण्याच्या पहिल्या प्रमाणपत्रासाठी कपडे आणि बूट घालूनच पाण्यात उतरावे लागते.

या पद्धतीवर वाद आहे. वर्गात बाळे रडतात आणि तो आवाज ऐकवत नाही. पोटात फार पाणी गेल्यास रक्तातले सोडियम घटणे, अंग गार पडणे, हे धोके तान्ह्यांना अधिक. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटना पूर्वी चार वर्षांच्या आत पोहणे शिकवायला अनुकूल नव्हती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शिकवणी घेतलेल्या १ ते ४ वर्षांच्या मुलांत बुडण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी आढळला. त्यानंतर संघटनेची भूमिका सैल झाली आणि आता ती पहिल्या वाढदिवसानंतर शिकवायला हरकत घेत नाही. वर्षाच्या आत शिकवल्याने बुडणे टळते याला मात्र पुरावा नाही, हे तिचे म्हणणे कायम आहे. ते रास्त वाटते.

महाराष्ट्रात पोहणे शिकण्याची जुनी जागा म्हणजे विहीर. पाठीला रिकामा डबा, वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा, काका-मामाने वरून ढकलायचे आणि चार गटांगळ्या खाल्ल्या की हातपाय चालू लागतात. ही रीत सहा-सात वर्षांच्या पुढच्या मुलांची आणि तिचे ध्येय पोहणे हे. बचाव-पोहण्यात डबा किंवा फुगा वर्ज्य. ज्याच्या आधाराने मूल तरंगायला शिकते, तो पडण्याच्या क्षणी अंगावर नसतो. उलट दंडातल्या फुग्यांमुळे पाण्यात उभे राहण्याची सवय लागते आणि बुडणारे मूलही तसेच उभे असते.

सर्वांत शिकण्याजोगा प्रयोग बांगलादेशातला. तिथे घराला लागून पोखर, म्हणजे छोटे तळे, असते आणि आई सकाळच्या कामात असताना, साधारण नऊ ते एकच्या दरम्यान, चालू लागलेले मूल तिकडे जाते. ‘स्विमसेफ’ या कार्यक्रमाने हौद बांधले नाहीत. गावच्याच तळ्यात बांबूचे कुंपण घातले आणि मुलाला उभे राहता येईल इतक्या खोलीवर बांबूचाच तळ बसवला. मुलाने २५ मीटर पोहावे आणि ३० सेकंद तरंगत राहावे, ही उत्तीर्ण होण्याची अट. दुसरे बुडत असेल तर उडी न मारता काठावरून बांबू पुढे करावा, हेही शिकवतात. हे वर्ग ४ वर्षांच्या पुढच्यांचे. त्याहून लहानांसाठी ‘आंचल’, म्हणजे शब्दशः पदर, नावाची पाळणाघरे त्याच सकाळच्या वेळात चालतात. तिथल्या बाईंना ‘आंचल मा’ म्हणतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात दोन्ही उपायांनी बुडून होणारे मृत्यू खूपच घटलेले दिसले. २०२२ साली तिथल्या सरकारने अशी ८,००० केंद्रे मंजूर केली. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही याच वळणाचा आहे: शाळकरी वयात पोहणे आणि त्याआधी राखण. २५ जुलै हा जागतिक बुडणे-प्रतिबंध दिन ठरवणारा संयुक्त राष्ट्रांचा २०२१ चा ठराव पुढे रेटण्यात आयर्लंडबरोबर बांगलादेशही होता.

काही ठिकाणी हे शिक्षण मुळीच उपयोगी पडत नाही. न्हाणीघरातल्या अर्ध्या भरलेल्या बादलीत वाकून पाहणारे मूल डोक्यावर पडते आणि उलटायला जागाच नसते. तिथे बादली पालथी ठेवणे हाच उपाय. शेततळ्याची गोष्ट निराळी. प्लास्टिकचा कागद अंथरलेला उतार ओला झाला की शेवाळलेल्या फरशीसारखा निसरडा होतो, आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. म्हणून कडेला खुंटीला बांधलेली गाठीगाठीची दोरी आत सोडून ठेवतात. ती हाताशी नसेल, तर कोणी दोर टाकेपर्यंत चढायची धडपड सोडून उताणे पडून राहायचे.