अडीचशे रुपयांत सात खेपा

तान्ह्या बाळाचे श्वास मोजायचे तर पूर्ण एक मिनिट मोजावे लागतात. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं तर फसगत होते, कारण बाळाच्या श्वासाला एक लय नसते. मध्येच थबकतो, मग चार-पाच भराभर येतात. आकडा ६० किंवा वर गेला तर थांबून पुन्हा मोजायचं. पुन्हा तेवढाच आला तर धोका समजायचा. याला औषध लागत नाही. लागतं एक घड्याळ आणि मोजणारं माणूस. आरोग्य संशोधन गावापर्यंत नेण्याचा खर्च म्हणतात तो बहुतेक या माणसाचाच असतो.

याचं आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात तिथल्या ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. शेजारची ४७ गावं तुलनेसाठी होती. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायकांना शिकवलं. जन्मताना गुदमरलेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा, कमी वजनाच्या बाळाला ऊब कशी द्यायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि तो झाला तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन कसं टोचायचं, हेसुद्धा. शेवटच्या गोष्टीवरून भुवया उंचावणं साहजिक होतं. पण आकडे बोलले: जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं आणि नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला.

१९९९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या प्रयोगावरचा निबंध छापून आला, तेव्हा त्यात आणखी एक आकडा होता: खर्च दर बाळामागे ५.३ डॉलर, म्हणजे तेव्हाचे दोनशे-सव्वादोनशे रुपये. दर १८ बाळांमागे एक मृत्यू टळत होता. गुणाकार केला तर एक जीव वाचवायला शंभर डॉलरसुद्धा लागत नव्हते. इतका स्वस्त सौदा कोणतं सरकार सोडेल?

सोडला नाहीच. फक्त वेळ लागला. घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला २०११ मध्ये, म्हणजे निबंधानंतर बारा वर्षांनी. काम आलं आशाताईंकडे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा भेटी: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी झालं असेल तर पहिल्याच दिवशी आणखी एक. सगळ्या मिळून मोबदला अडीचशे रुपये. म्हणजे खेपेला चाळीसच्या आसपास.

प्रयोगातून कार्यक्रमात येताना काय गळतं ते इथे दिसतं. आशाताईच्या वाट्याला भेटी आल्या, इंजेक्शन आलं नाही. तिने धोका ओळखायचा आणि बाळाला दवाखान्यात पाठवायचं. रुग्णवाहिका आणि उपचार सरकारने मोफत केले, हे खरं. पण ओली बाळंतीण, सोबतीला सासू, बापाची बुडालेली मजुरी, घरी राहिलेली थोरली पोरं, हा खर्च इंजेक्शन घरात टोचलं जायचं तेव्हा नव्हताच. तो कार्यक्रमाच्या वहीतून उतरून घरच्यांच्या खिशात गेला, एवढंच.

दुसरी गळती देखरेखीची. गडचिरोलीत डॉक्टर दर पंधरा दिवसांनी प्रत्येक गावात जाऊन नोंदी तपासत, चुकलेलं पुन्हा शिकवत. माझ्या मते खरी गुंतवणूक हीच होती. शिकवलेलं कौशल्य वापरलं नाही तर गंजतं. हजार वस्तीच्या गावात वर्षाला वीसेक बाळं जन्मतात. त्यातलं खरंच आजारी बाळ आशाताईला कितीदा दिसणार? म्हणून पुन्हा पुन्हा सराव हवा, आणि सराव म्हणजे पेट्रोल, भत्ते, शिकवणाऱ्याचा पगार. अंदाजपत्रकात कात्री चालते ती आधी याच रकान्यांवर. वजनकाटा एकदा घेतला की फोटो निघतो. थर्मामीटरचा सेल संपला तर त्याचा फोटो कोण काढतो?

आणि आपले रीतिरिवाज तर कोणत्याच तक्त्यात मावत नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिना खोलीत परक्याची ये-जा नको. बारसं झालं की सासरी. बेचाळीस दिवसांच्या भेटी नेमक्या या सगळ्यावर आडव्या येतात. सातव्या दिवशी बाळाचं वजन करायला आलेल्या बाईला ‘झोळीत टांगू नका, नजर लागते’ म्हणणाऱ्या आजीची समजूत घालायला अर्धा तास जातो. हा अर्धा तास कार्यक्रमातला सगळ्यात मोलाचा वेळ असावा, आणि त्याचा दर कुठेही लिहिलेला नाही. मोबदल्यासाठी राज्यातल्या आशाताई २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये संपावर गेल्या, त्यामागे असे पुष्कळ अर्धे तास होते.

मूळ मार्गदर्शक सूचनांत ते अडीचशे रुपये पंचेचाळीस दिवसांनंतर एकदम द्यायचे होते, अटींसह: जन्माचं वजन नोंदलेलं हवं, जन्मनोंदणी हवी, लसी झालेल्या हव्यात. शिवाय बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघंही सुखरूप हवीत. दीड किलोचं बाळ तिसाव्या दिवशी गेलं, तर तोवरच्या पाच खेपांची नोंद वहीत राहते.