मुंबईत कामगाराचं घर: प्लेगपासून वांगणीपर्यंत

एक कोटीहून जास्त वस्तीची शहरं १९७५ साली जगात ८ होती. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५च्या अहवालात ती ३३ झाली आहेत, आणि निम्म्याहून अधिक आशियात आहेत. जकार्ता आणि ढाक्याने टोकियोला मागे टाकलं आहे. अशा शहरांची चर्चा बहुतेकदा बाहेरून येणाऱ्या लोंढ्यांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. मुंबईचा इतिहास पाहिला तर हा दोष येणाऱ्यांच्या माथी मारता येत नाही. माणसं इथे कामासाठी हवीच होती. ती राहणार कुठे, ही जबाबदारी मात्र दीडशे वर्षांत कुणीच पुरती अंगावर घेतली नाही.

बोरीबंदर ते ठाणे आगगाडी १८५३ मध्ये धावली आणि पुढच्याच वर्षी कावसजी नानाभॉय दावर यांनी ताडदेवच्या गिरणीची स्थापना केली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, शहरात पैसा खेळू लागला, आणि परळ-लालबाग-भायखळ्याच्या पट्ट्यात एकामागून एक भोंगे वाजू लागले. हात पुरवले कोकणाने आणि घाटाने. १९२१च्या जनगणनेत मुंबईतल्या १०० माणसांपैकी ८४ जण शहराबाहेर जन्मलेले होते.

हा कामगार राहायचा गावकीच्या गाळ्यात. एका गावचे दहा-पंधरा गडी मिळून खोली घेत, भिंतीला ज्याची त्याची ट्रंक, दोरीवर कपडे. दिवसपाळीचे कामावर गेले की त्यांच्याच जागेवर रातपाळीचे अंग टाकत. जेवण खानावळीत, आणि ती चालवणारी बाई बहुधा कुणा गिरणी कामगाराचीच बायको. बाकीच्यांच्या बायका-मुलं गावी, शेतीवर आणि मनीऑर्डरीवर. गिरणीमालकाच्या दृष्टीने हे फार स्वस्तातलं गणित होतं. कामगाराचं बालपण, आजारपण, बायकोचं बाळंतपण, म्हातारपण असा सगळा खर्च रत्नागिरी-साताऱ्याची शेतं सोसत होती. कोकणाच्या गरिबीवर मुंबईची श्रीमंती उभी राहिली, असं मी म्हणतो ते याच अर्थाने.

१८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला तेव्हा हे उघड्यावर आलं. लोक मिळेल त्या वाहनाने गावाकडे पळाले, गिरण्यांना हात मिळेनात. मग १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती वसवल्या. त्या मध्यमवर्गाच्या वाट्याला आल्या. जुन्या वस्तीतल्या जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या गरिबांसाठी बांधल्या नाहीत. उठवलेली माणसं शेजारच्या गल्लीत शिरली आणि तिथली दाटी वाढली.

१९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट (बीडीडी) हे सरकारी खातं आलं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या २०७ चाळी त्याच खात्याच्या. काँक्रीटच्या, तीन मजली, १६० चौरस फुटांची एकेक खोली, खोलीतच मोरी, संडास सार्वजनिक. सरकारने कामगारासाठी इतक्या मोठ्या प्रमाणावर घरं बांधण्याचा असा प्रयत्न त्याआधी झाला नव्हता. आजही तो मोठाच वाटतो. पण खोलीचं माप एकट्या गड्याच्या हिशेबाने धरलं होतं. पुढे त्याच खोलीत लग्नं झाली, मुलं झाली, सुना आल्या, आणि गॅलरी हीच बैठकीची खोली झाली.

स्वातंत्र्याच्या वर्षी भाडेनियंत्रण कायदा आला आणि भाडी सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली गेली. महागाईत भाडेकरूला त्याची गरज होती, यात शंका नाही. कायदा तात्पुरता होता, तो मुदतवाढ मिळत मिळत अर्धशतक टिकला. भाड्याने द्यायला चाळी बांधणं जवळपास थांबलं, दुरुस्तीला मालक हात लावेना, खोल्या पागडीवर, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी पैसे मोजून, फिरू लागल्या. १९६९ मध्ये सरकारने उपकर लावून दुरुस्ती मंडळ नेमलं. तेव्हाच्या जीर्ण इमारतींपैकी अनेक अजून उभ्या आहेत आणि पावसाळा आला की त्यांतल्या लोकांच्या छातीत धस्स होतं. २०१७ मध्ये भेंडी बाजारात हुसैनी इमारत कोसळली, त्यात तीसहून अधिक माणसं गेली.

भाड्याची खोली मिळेना, तेव्हा नव्याने आलेल्याने खाडीकाठी, नाल्याशेजारी, रेल्वेच्या कडेला झोपडी घातली. सरकारने १९७६ मध्ये झोपड्यांची गणना केली, नोंद झालेल्यांना ओळखीचे फोटोपास दिले. १९८१च्या भर पावसात पदपथावरच्या लोकांना हुसकून गावी धाडायची मोहीम निघाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८५च्या निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्याच हक्काचा भाग मानला, तरी आगाऊ नोटीस देऊन झोपड्या हटवायला मुभा ठेवली.

१९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं: झोपडीवासीयाला २२५ चौरस फुटांचं घर फुकट, बिल्डरला बदल्यात जादा चटईक्षेत्र, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची परवानगी. घराचं माप वाढत ३०० फुटांवर गेलं. पण घर कुठे होणार, हे जमिनीचा भाव ठरवू लागला. मानखुर्द-गोवंडीच्या पट्ट्यात प्रकल्पग्रस्तांसाठी उभ्या केलेल्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर भरदुपारी दिवा लावावा लागतो. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने तिथे पाहणी केली, तेव्हा ऊन-वारा न पोचणाऱ्या घरांत क्षयाचं प्रमाण जास्त आढळलं. झोपडीतून पक्क्या घरात गेलेल्या माणसाला असा आजार जडावा, याचा मला फार राग येतो.

वेगळं काही करून पाहायची संधी एकदा आली होती. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली. कामधंदाच तिकडे न्यावा, म्हणजे माणसं आपोआप जातील, हा तिचा गाभा. १९७० मध्ये ते शहर, म्हणजे नवी मुंबई, वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. पण त्याच सुमारास सरकारने नरिमन पॉइंटला समुद्रात भर टाकून कचेऱ्यांचे मनोरे उभे राहू दिले. मंत्रालय जागचं हललं नाही. नव्या शहरासाठी ९५ गावांच्या आगरी-कोळी भूमिपुत्रांच्या जमिनी मात्र गेल्या. १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचे बळी घेतले, तेव्हा कुठे दि. बा. पाटील यांच्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं. पाण्याचंही असंच. तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी मुंबईला येतं आणि त्याच शहापूर तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

दुसरी संधी गिरण्यांच्या जमिनींची. १८ जानेवारी १९८२ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. गिरण्या हळूहळू बंद पडल्या आणि बेटाच्या मध्यावर सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होण्याची वेळ आली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ होतं. त्याचा रोख साधा होता: एक हिस्सा मोकळ्या जागांना, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये कलम बदललं. वाटणी आता फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या तुकड्याची. गिरणीच्या शेडखालची जागा हिशेबातून गेली आणि शहराच्या वाट्याला फार थोडं उरलं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल मान्य केला. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत मुंबईच्या हातून झालेलं हे सर्वांत मोठं नुकसान. अशी सलग जमीन पुन्हा मिळणार नाही.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत बेटावरची, म्हणजे उपनगरं सोडून मूळ मुंबई शहराची, लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आली, ठाणे जिल्ह्याची ३६ टक्क्यांनी वाढली. कामं मुंबईत राहिली, राहणारे बदलापूर, टिटवाळा, विरारला गेले, आणि रोजचा भार लोकलवर पडला. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्याच जागी, विनामूल्य. जमीन सरकारी होती, म्हणून हे जमलं. गिरणी कामगारांचं तसं झालं नाही. घरासाठी दीड लाखाहून अधिक अर्ज पडून आहेत, सोडतीत घरं लागली ती त्यांतल्या थोड्यांना. बाकीच्यांसाठी सरकारने २०२४ मध्ये कर्जतच्या वाटेवरच्या वांगणी आणि शेलूची घरं पुढे केली. जुलै २०२५ मध्ये सत्तरी ओलांडलेले कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात बसले. घर मुंबईतच द्या, ही त्यांची मागणी होती.