प्लास्टरची भेग आणि बांधकामाची भेग: घर घेण्याआधी फरक कसा ओळखायचा

जुनं घर बघायला गेलं की कुठे ना कुठे भेग दिसतेच. दाखवणारा लगेच म्हणतो, "प्लास्टरची आहे, पुट्टी भरली की गेली." बरेचदा ते खरंच असतं. पण जिथे नसतं, तिथे तीच पुट्टी घरातल्या सगळ्यात मोठ्या खर्चावर पांघरूण घालते. म्हणून रंग, टाइल्स, ओटा यांचा हिशोब मांडण्याआधी प्रत्येक भेग कुठल्या थरातली आहे ते बघून घ्या.

प्लास्टर हे भिंतीचं अंगावरचं कापड. आतून साधारण १२ ते १५ मिलिमीटर, बाहेरून दोन हातांत मिळून २० मिलिमीटरच्या आसपास. ते फाटलं तर तेवढंच बदलायचं. बांधकामाची भेग मात्र वीटकाम, बीम, कॉलम किंवा स्लॅबमधूनच जाते, म्हणजे वजन पेलणारा भाग हललेला किंवा कमजोर झालेला असतो.

नवखा माणूस पहिल्यांदा रुंदी बघतो. भिंतीतली भेग ५ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊच नये, हे खरं. पण बारीक भेग म्हणजे निर्धोक, असं समजू नका. रुंदीपेक्षा भेगेची वाट जास्त सांगते.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या किंवा नकाशासारख्या पसरलेल्या बारीक भेगा प्लास्टरच्या. सिमेंट जास्त पडलं किंवा पाणी मारण्यात हयगय झाली की प्लास्टर आकसतं आणि असं तडकतं. याउलट खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी जाणारी भेग पाया कमी-जास्त खचल्याचं लक्षण असू शकते. अशी भेग सहसा एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळती असते. जवळचं दार उघडून मिटून बघा. पल्ला घासत असेल आणि वरची फट एका बाजूला वाढत गेली असेल तर चौकटच तिरकी झाली आहे.

मग भिंतीच्या पलीकडे जा. त्याच उंचीवर, त्याच दिशेने तिथेही भेग असेल तर ती आरपार आहे. नंतर बोटाच्या पेराने किंवा नाण्याने भेगेच्या दोन्ही बाजूंना ठोका. पोकळ, बद्द आवाज आला तर प्लास्टर भिंतीपासून सुटलंय. शेवटी टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड पाडा. भेगेच्या आत रंग उतरलेला दिसला, तर भेग त्या रंगाच्या आधीची आहे आणि रंगकामानंतर फारशी वाढलेली नाही. कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर ती ताजी. पुट्टीची जुनी रेघ मधोमध पुन्हा फाटलेली असेल तर भेग अजून हलते आहे.

कॉलम आणि वीटभिंत जिथे भेटतात तिथली सरळ उभी भेग नवख्यांना फार घाबरवते. काँक्रीट आणि वीट उन्हात सारखी वाढत नाहीत, त्यामुळे सांधा उघडतो. बहुतेक वेळा यात धोका नसतो. तिथलं प्लास्टर पट्टीसारखं काढून, सांध्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी १५० मिलिमीटर जाईल अशी जाळी खिळ्यांनी ताणून बसवायची आणि वरून पुन्हा प्लास्टर करायचं. जाळी न लावता नुसतं भरलं तर भेग परत येणार.

बीम आणि स्लॅबकडे मात्र वेळ देऊन बघा. बीमच्या तळाशी लांबीच्या दिशेने जाणारी भेग, तिच्याजवळ तांबूस डाग, कुठे कपचा निघालेला: आतली सळई गंजते आहे. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं असतं, त्यामुळे सळईवर संरक्षक पापुद्रा टिकतो. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरला की हा अल्कधर्मीपणा कमी होतो, ओल मिळाली की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची ही भेग भिंतीवरच्या ३ मिलिमीटरच्या भेगेपेक्षा गंभीर असू शकते. बीमच्या टोकाशी, आधाराजवळ ४५ अंशांत तिरकी गेलेली भेग दिसली तर तिला हातही लावू नका, थेट स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

प्लास्टरची आणि बांधकामाची, दोन्ही भेगांची दुरुस्ती वेगळी. प्लास्टरची बारीक भेग आधी टोकदार हत्याराने इंग्रजी व्हीसारखी ५ मिलिमीटर उघडायची, ब्रशने धूळ काढायची, मग फिलर दाबून भरायचा. न उघडता वरवर पुट्टी ओढली की फिलरला पकड मिळत नाही आणि थोड्याच दिवसांत पोपडा निघतो. बद्द वाजणारा भाग खणखणीत आवाज येईपर्यंत काढून टाका, कडा सरळ कापा, भिंत भिजवा, नवं प्लास्टर करा आणि किमान ७ दिवस पाणी मारा.

गंजलेल्या बीमला आधी टेकू. मग ओल कुठून येते ते शोधून बंद करायचं, बहुधा वरच्या बाथरूमची गळती असते. सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचं, सळई चकचकीत होईपर्यंत घासायची, गंजरोधक लेप द्यायचा आणि पॉलिमर मॉर्टरचे (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे) थर भरायचे. सळई झिजून बारीक झाली असेल तर नवी किती जोडायची हे इंजिनिअरनेच ठरवावं. गवंड्याने साधं सिमेंट थापलं तर आतला गंज चालूच राहतो आणि तो तुकडा पुन्हा सुटतो.

भेग हलते की थांबली हे कळत नसेल, तर प्लास्टर खरवडून नंगी भिंत मोकळी करा आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू घट्ट बसवा. दर पंधरा दिवसांनी, दिवसाच्या त्याच वेळी, व्हर्नियर कॅलिपरने (बारीक अंतर मोजायच्या उपकरणाने) दोन्ही स्क्रूंमधलं अंतर मोजून तारखेसह भिंतीवरच लिहा. कोरडा आणि पावसाळी असे दोन्ही मोसम त्यात यायला हवेत, कारण जमीन ओलीसुकी होताना भेग आपोआप उघडते-मिटते. विकत घेणाऱ्याला इतका वेळ मिळत नाही. अशा वेळी इसार देण्याआधी इंजिनिअरचा लेखी अहवाल मागवा आणि दुरुस्तीचा अंदाज किमतीतून वजा करून मगच बोलणी करा.