शालापूर्व बालकांसाठी शीघ्र हस्तक्षेप सेवा : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत (जळगाव, धुळे, नंदुरबार)

मूल वेळेत बोलत नसेल, हाकेला वळून पाहत नसेल, बसणे-चालणे उशिरा येत असेल किंवा इतर मुलांत मिसळत नसेल, तर त्याची तपासणी आणि त्यानंतरचे मानसशास्त्रीय व शैक्षणिक साहाय्य शासकीय यंत्रणेतून विनामूल्य मिळते. खान्देशातील अनेक पालक दिव्यांग प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय उपचार सुरू होत नाहीत असे समजून थांबून राहतात. वस्तुतः ही दोन कामे वेगळी आहेत. सेवेसाठी प्रमाणपत्र लागत नाही, ते सवलती आणि योजनांसाठी लागते.

ही सेवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा भाग आहे. 2013 साली महाराष्ट्रातूनच, पालघर येथून, सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात व्यंग, आजार, पोषणातील कमतरता आणि विकासातील विलंब अशा चार अंगांनी तपासणी होते. सहा वर्षांच्या आतील मुलांना पुढील मूल्यमापनासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. जातीची, उत्पन्नाची किंवा शिधापत्रिकेच्या रंगाची अट नाही. वर्षभराचे मूल बडबडही करत नसेल, 16 महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा कोणत्याही वयात आधी येत असलेले बोलणे अथवा हसणे-खेळणे हरवले असेल, तर ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ या घरातील समजुतीवर विसंबू नये.

अर्जाची सुरुवात अंगणवाडीतून होते आणि त्यासाठी वेगळा छापील अर्ज नसतो. दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असे फिरते पथक प्रत्येक अंगणवाडीला वर्षातून दोनदा भेट देते. पालकांनी आपली शंका अंगणवाडी सेविकेकडे किंवा आशाताईंकडे आधीच नोंदवावी आणि पथकाच्या दिवशी मुलासोबत स्वतः हजर राहावे, कारण मूल घरी कसे वागते हे पथकाला दुसरे कोणी सांगू शकत नाही. पथक संदर्भपत्र देते. ते जपून ठेवावे. पथक येण्यास अवकाश असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा थेट जिल्हा रुग्णालयातूनही जाता येते, आणि धडगाव-अक्कलकुवा भागातील दूरच्या पाड्यांवरील कुटुंबांनी निघण्यापूर्वी तज्ज्ञ उपलब्ध असण्याचा वार आरोग्य केंद्रातून विचारून घेणे शहाणपणाचे ठरते. पहिल्या भेटीसाठी माता व बाल संरक्षण कार्ड, प्रसूतीच्या वेळचा रुग्णालयाचा कागद, आधीच्या तपासण्यांचे अहवाल आणि संदर्भपत्र पुरेसे आहे. मुलाचे आधार नसल्यास त्यासाठी तपासणी लांबवू नये.

केंद्राच्या रचनेत बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि श्रवण व वाचा तज्ज्ञ यांचा समावेश आहे. न बोलणाऱ्या मुलाची श्रवणचाचणी सर्वप्रथम व्हावी, असा आग्रह पालकांनी धरावा. ऐकूच न येणाऱ्या मुलाला वाचोपचारासाठी महिनोन्‌महिने नेत राहण्यात त्याचे मोलाचे वय निघून जाते. त्यानंतर मानसशास्त्रज्ञ मुलाचे खेळणे, अनुकरण, नजर आणि समज पाहून मूल्यमापन करतात. येथे एक बाब खान्देशासाठी विशेष महत्त्वाची आहे. ज्या घरात अहिराणी, भिली, पावरी किंवा तडवी बोलली जाते, त्या घरातील मुलाला प्रमाण मराठीत विचारलेले प्रश्न कळले नाहीत, तर ती विकासातील उणीव ठरत नाही. घरातील भाषा कोणती हे पालकांनी आरंभीच सांगावे, ते कागदावर नोंदवून घ्यावे आणि सूचना त्या भाषेत देण्याची विनंती करावी. पुढील काम मोठ्या प्रमाणात घरीच होते: मुलाशी समोर बसून खेळणे, त्याने दाखविलेल्या वस्तूचे नाव घेणे, आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकविणे, रोजचा क्रम ठरवून देणे. केंद्रात पालकांना हेच शिकविले जाते, म्हणून मुलाला दिवसभर सांभाळणारी आजी असेल तर तिलाही सोबत न्यावे.

मूल उपचारांमुळे अंगणवाडीतून काढू नये. दिव्यांग बालकांना अंगणवाडीत सामावून घेण्यासाठी केंद्र शासनाने नोव्हेंबर 2023 मध्ये स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली आहे.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र (दिव्यांग व्यक्तीचे यूडीआयडी कार्ड) यांसाठी ‘स्वावलंबन’ या शासकीय संकेतस्थळावर एकच ऑनलाइन अर्ज करावा लागतो. मुलाचे छायाचित्र, आधार, रहिवासाचा पुरावा आणि उपलब्ध वैद्यकीय अहवाल जोडावेत. पाच वर्षांखालील मुलाच्या बाल आधारसाठी बोटांचे ठसे घेत नाहीत, त्यामुळे ते काढणे अवघड नाही. मात्र जन्मदाखला आणि आधार यांतील नाव अक्षरशः एकसारखे आहे ना, हे अर्जापूर्वी पाहावे. अर्जानंतर मिळालेला क्रमांक घेऊन ठरलेल्या दिवशी शासकीय रुग्णालयातील वैद्यकीय मंडळापुढे मुलाला न्यावे लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकार समाविष्ट असून बहुतेक लाभांसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व आवश्यक असते. लहान मुलाची स्थिती बदलू शकत असल्याने प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचे मिळते, आणि मुदत संपण्यापूर्वी फेरतपासणीची नोंद करणे पालकांवरच असते. वाचन-लेखनातील विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांच्या आधी मिळत नाही, तेव्हा बालवाडीतील मुलासाठी ते मिळवून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. मंडळाचा निर्णय मान्य नसल्यास अपील करण्याची तरतूद त्याच अधिनियमात आहे.

प्रमाणपत्र मिळाल्यावर दोन गोष्टी लगेच कराव्यात. स्वमग्नता (ऑटिझम), मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असल्यास राष्ट्रीय न्यास या केंद्र शासनाच्या संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यासाठी अर्ज करावा. त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून उपचारपद्धतींचा खर्चही अंतर्भूत आहे. दुसरे, शिक्षण हक्क कायद्यानुसार (आरटीई) खासगी शाळांतील 25 टक्के राखीव प्रवेशांत दिव्यांग बालक वंचित घटकात मोडते, म्हणून त्याच्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. प्रवेशाचे वेळापत्रक जाहीर झाल्यावर कागद जमविण्यास वेळ उरत नाही, त्यामुळे प्रमाणपत्राचा अर्ज किमान काही महिने आधी केलेला बरा.

दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या नंदुरबारमधील कुटुंबांनी संदर्भपत्र, मूल्यमापन अहवाल आणि घरी करावयाच्या सरावाचा कागद यांच्या प्रती सोबत न्याव्यात आणि जाण्यापूर्वी सेविकेला कळवावे. वैश्विक ओळखपत्र देशभर ग्राह्य असते, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही दोन्ही राज्यांत चालतो, त्यामुळे तिकडील शासकीय रुग्णालयात याच कागदांवर पुढील तपासणी मागता येते.