मेटॅलिकाचा कोणता अल्बम वर? सांगलीतल्या वादाची पार्श्वभूमी

सांगली-मिरजेत मेटल, म्हणजे रॉकमधला जड गिटारींचा प्रकार, ऐकणाऱ्या दोन पिढ्या चहाला एकत्र बसल्या की मेटॅलिका या अमेरिकन बँडवरून जुंपतेच. पन्नाशीकडे झुकलेले बहुधा 'ब्लॅक अल्बम' वर ठेवतात, तर त्यांच्याहून धाकट्यांना 'मास्टर ऑफ पपेट्स'पुढे काही चालत नाही. वाद आवडीनिवडीचा वाटतो, पण कोणाच्या कानावर काय आधी पडलं यावरच तो बराचसा ठरलाय.

मेटल घडलं एका क्रमाने आणि आपल्याकडे पोचलं उलट्या क्रमाने. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यात, मेटलचा पाया घालणाऱ्या ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. बोटांवर ताण नको म्हणून त्याने हलक्या तारा लावल्या आणि १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त तर बऱ्याच गाण्यांना गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. मेटलचा खर्ज तिथला. (तार सैल सोडली की नाद कसा पालटतो, हे मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांना कोणी सांगायला नको.)

आपल्याकडे मात्र उपग्रह वाहिन्यांवरून एमटीव्ही आला १९९१मध्ये, आणि 'ब्लॅक अल्बम'ही त्याच वर्षीचा. सॅबथची ओळख त्यानंतरची.

जुने अल्बम मग कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायचे. इथे साठ मिनिटांच्या कॅसेटने भलताच न्याय केला. १९८६चा 'मास्टर ऑफ पपेट्स' ५५ मिनिटांचा, दोन्ही बाजूंना चपखल बसतो. स्लेयर या दुसऱ्या मेटल बँडचा 'रेन इन ब्लड' तर एका बाजूतच आटोपतो. मेटॅलिकाचा १९८८चा 'अँड जस्टिस फॉर ऑल' ६५ मिनिटांचा, त्यामुळे कुठेतरी गाणं तुटणारच. त्यात मेटॅलिकात बास गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन १९८६मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात गेलेला आणि त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बास मूळ ध्वनिमुद्रणातच जेमतेम ऐकू येतो. कॉपीच्या कॉपीत काय उरणार?

पुढे एमपीथ्रीच्या एकाच सीडीत बँडचं सगळं काम मावू लागलं आणि धाकट्यांनी सगळे अल्बम एका दमात ऐकले. २००७मध्ये आयर्न मेडन आणि २०११मध्ये मेटॅलिका बंगळूरला वाजवून गेले. मिरजेहून ते रात्रभराच्या गाडीचं अंतर.

माझ्या यादीत 'मास्टर' पहिला, 'जस्टिस' दुसरा, 'राइड द लाइटनिंग' तिसरा, 'ब्लॅक अल्बम' चौथा. मेटॅलिकाने १९८३मध्ये काढून टाकलेल्या गिटारवादक डेव्ह मस्टेनच्या मेगाडेथ या बँडचा 'रस्ट इन पीस' या चौघांच्याही वर ठेवणारे आहेतच. त्यांच्याशी मी भांडत नाही, कारण त्यातली गिटार ऐकली की मलाही उत्तर सुचत नाही.