यंत्र किती जणांना पुरेल? सिम्युलेशनची पार्श्वभूमी

संगणक घेण्याआधी तो किती काम पेलेल हे सांगणं एके काळी बेरजेचं काम होतं. कामं एकामागून एक चालत, प्रत्येकाला लागणारा वेळ ठाऊक असे. टाइम-शेअरिंगने, म्हणजे एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देण्याच्या पद्धतीने, ही सोय संपवली. १९६१ मध्ये एमआयटीत सीटीएसएस या प्रणालीचं प्रात्यक्षिक झालं आणि पुढे एकाच यंत्रावर अनेक जण एकाच वेळी काम करू लागले. आता उत्तर किती वेळात मिळेल, हे इतर जण नेमकं कधी काय मागतात त्यावरही ठरू लागलं.

मागण्या रांगेत थांबू लागल्या, आणि रांगांचं गणित तर त्याआधीचं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांग यांनी १९०९ मध्येच त्याची सुरुवात केली होती. पण संगणकात प्रोसेसर, डिस्क, मेमरी अशा रांगा एकमेकींत गुंतलेल्या. कागदावर सुटेना, तेव्हा रांगच प्रोग्राममध्ये चालवून पाहायची, हा सिम्युलेशनचा मार्ग उरला. त्यासाठी आयबीएममध्ये जेफ्री गॉर्डन यांनी जीपीएसएस ही सिम्युलेशनची भाषा घडवली, तर ऑस्लोत डाल आणि नीगोर यांनी सिम्युला ही भाषा.

मला या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं ते ॲलन शेर यांचं १९६५ चं पीएचडीचं काम. त्यांनी सीटीएसएसचं सिम्युलेशन केलंच, शिवाय चालत्या यंत्रावर मोजमापंही घेतली. माणूस दोन आज्ञांमध्ये सरासरी सुमारे ३५ सेकंद घेई, प्रोसेसरचं काम मात्र एका सेकंदाच्या आत उरके. मग त्यांनी कारखान्यातलं जुनं गणित लावलं: अनेक यंत्रं, दुरुस्तीला एकच मेकॅनिक. आज्ञा देऊन उत्तराची वाट पाहणारा माणूस म्हणजे बिघडलेलं यंत्र, प्रोसेसर म्हणजे मेकॅनिक. इतकं साधं गणित, तरी त्यातून निघालेला प्रतिसादाचा वेळ प्रत्यक्ष मोजमापाच्या जवळ आला. मॉडेलमध्ये किती बारकावे घालायचे, हे मोजमापाशिवाय ठरत नाही, ते इथे दिसलं.

१९७० च्या दशकात ब्यूझेन आदी संशोधकांनी गुंतलेल्या रांगांसाठीही झटपट गणिती रीती दिल्या. सिम्युलेशन त्यामुळे मागे पडलं नाही. हजारो प्रोसेसर एकमेकांना निरोप पाठवू लागले की सूत्रं थिटी पडतात. म्हणूनच इलिनॉय विद्यापीठात लक्ष्मीकांत काळे यांच्या गटाने बिगसिम हे सिम्युलेशनचं साधन बांधलं: आयबीएमच्या ब्लू जीनसारख्या महाकाय यंत्रावर प्रोग्राम कसा चालेल, हे हाताशी असलेल्या लहान समांतर संगणकावर आधीच चालवून पाहायचं.